गाळीव नकाशा

इसवी सन २०५८ मध्ये महाराष्ट्रात कुणाच्या छातीत कळ आली, तर रुग्णवाहिका पोचायला सरासरी चौदा मिनिटे लागत. तेरा वर्षांपूर्वी हाच आकडा अठ्ठेचाळीस होता. आता मनगटावरची पट्टी दाबली की झाले. पट्टी नाडी तपासून घ्यायची, दुखणे खरे आणि मोठे आहे अशी खात्री पटली की संदेश सोडायची. या संदेशाला सरकारी कागदांतही ‘हाक’ असेच म्हणत. सरकारी कागदात इतका साधा शब्द कसा शिरला, देव जाणे.

हाकेला ओ देण्याचे काम ‘जाळं’ करायचे. राज्यातल्या अकरा हजार रुग्णवाहिका, सगळ्या एसट्या, दुधाच्या गाड्या आणि रस्ते दुरुस्त करणारी पथके यांनी कुठे असावे, हे दर अकरा सेकंदांनी नव्याने ठरवणारे एक प्रचंड गणित म्हणजे जाळं. ते चुकत नसे, थकत नसे आणि कुणाचा भाचा आहे हे विचारत नसे.

हे अकरा सेकंद डॉ. मुक्ता शेणोलीकर यांच्या डोक्यातून निघाले होते. नकाशा गणितात घालायचा म्हणजे त्याचे बिंदू आणि रेघा करायच्या. वस्ती, वळण, चौक आला की बिंदू, आणि दोन बिंदूंमधला रस्ता म्हणजे रेघ. महाराष्ट्राचे असे एकेचाळीस लाख बिंदू झाले. एवढ्यांचे गणित सोडवायला संगणकाला साडेचार मिनिटे लागायची. तोवर गाड्या पुढे निघून गेलेल्या असत, आणि कधीकधी पेशंटही.

मुक्ताबाईंनी मोठा संगणक मागितला नाही. त्यांनी नकाशाच गाळला. पाहुण्याला पत्ता सांगताना आपण काय करतो? ‘स्टँडवर उतरा, बँकेपाशी डावीकडे वळा, तिसरं घर.’ वाटेतल्या बावीस गल्ल्या आपण सांगत बसत नाही, आणि पाहुणा जेवणाच्या वेळेला बरोबर हजर होतो. तेच मुक्ताबाईंनी केले. ज्या बिंदूला दोनच रेघा मिळतात तिथे कुठे वळायचे हा प्रश्नच नसतो, म्हणून तो पुसायचा आणि दोन रेघांची एक रेघ करायची. जी रेघ पुढे कुठेच जात नाही आणि जिच्या टोकावरून वर्षभरात एकही हाक येत नाही, ती टोकासकट पुसायची. तिथली माणसे जवळच्या शिल्लक बिंदूच्या नावावर टाकायची. असे पुसत पुसत साठ हजार बिंदू उरले. याला म्हणतात गाळीव जाळं.

गाळल्यामुळे साऱ्या राज्याच्या उत्तरात हजारात एकापेक्षा जास्त फरक पडत नाही, हे त्यांनी अडीच पानांत सिद्ध केले होते. त्या अडीच पानांनी दरवर्षी आठ हजार माणसे वाचत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात वाईट माणूस शोधायला गेलात तर सापडणार नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी मुक्ताबाईंच्या पुण्याच्या कचेरीत एक साठीचा गृहस्थ येऊन बसला. डोक्याला लाल पटका, खांद्यावर काळे घोंगडे, पायात जाड वहाणा. नाव धाकलू झोरे. कोल्हापूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अगदी कडेला खडपवाडा नावाचा धनगरवाडा आहे, तिथून तो दोन दिवस प्रवास करून आला होता. ताकाला जाऊन भांडे लपवणाऱ्यांतला तो नव्हता.

“म्याडम, आमचा करंज फाटा काढू नगासा,” तो म्हणाला. “कागुद आलाय. एक एप्रिलपास्नं फाट्यावर गाडी थांबायची न्हाई म्हणं.”

मुक्ताबाईंनी पडद्यावर करंज फाटा काढला. जाळ्याचे म्हणणे बरोबर होते. फाटा म्हणायला तिथे तीन रस्ते मिळायला हवेत, आणि तिथे दोनच रेघा होत्या. म्हणजे तो फाटा उरलाच नव्हता. असे उरलेसुरले बिंदू दर एप्रिलला थोडे थोडे पुसत, आणि आता त्याची पाळी आली होती. दोन रेघांचा बिंदू पुसायचा, हा तर पहिला नियम.

“मामा, तिथे तिसरा रस्ता कुठला?”

“आमचा की. वाड्याकडं येणारा.”

त्यांनी जुना, न गाळलेला नकाशा उघडला. तिसरी रेघ सापडली. फाट्यापासून निघून खडपवाड्यापाशी संपणारी, आठ किलोमीटरची. तेरा वर्षांपूर्वी पहिल्याच गाळणीत ती गेली होती. शेजारी कारण लिहिलेले होते: टोकाची रेघ, वर्षभरात हाका शून्य. त्यांनी पुढची वर्षे पाहिली. तेरा वर्षे, तेरा शून्ये.

“तुमच्याकडे कुणी आजारी पडत नाही का हो?” त्यांनी विचारले. त्यांना खरेच आश्चर्य वाटले होते.

धाकलू हसला. “पडत्यात की. औंदा सहा जणास्नी खाली नेलं.”

“मग हाक कशी नाही?”

मग त्याने सांगितले. वाड्यावर एकोणीस घरे, त्र्याऐंशी माणसे. माणूस आडवा झाला की घोंगड्याची डोली करायची, वाशाला बांधायची. चौघे उचलणार, चौघे बदलीला मागे चालणार. रस्ता एकेकाळी डांबरी होता, पण पहिल्या वर्षी वाड्यावर पट्ट्याच पोचल्या नव्हत्या, म्हणून हाक गेली नाही. जाळ्यात रेघ नाही म्हणून दुरुस्ती पथक आले नाही, पथक आले नाही म्हणून चार पावसांत रस्ता वाहून गेला, आणि रस्ता गेल्यावर तिथे रेघ नाही हे जाळ्याचे म्हणणे अक्षरशः खरे झाले. आता ती दोन तासांची पायवाट आहे. उडत्या गाडीचाही उपयोग नाही, कारण तीही बिंदूवरच उतरते.

“आणि पट्टी कधी दाबता?”

“फाट्याच्या जरा अलीकडं मोठा खडक हाय, तितं टेकल्यावर. फाटा जवळ आला की.”

“घरून का नाही दाबत?”

धाकलूने त्यांच्याकडे असे पाहिले, की एवढी शिकलेली बाई हे काय विचारते. “घरातनं दाबली तर गाडी फाट्याव येऊन दोन तास हुबी ऱ्हाणार. तेवढ्यात दुसऱ्या कुणाला लागली म्हंजे? परक्याचा खोळंबा करायचा न्हाई, आमच्यात तसली रीत न्हाई. आमी फाट्याव टेकतो तवर गाडी येतीया. कदी चुकामूक न्हाई झाली बघा.”

पडद्यावर करंज फाट्याच्या हाका दिसत होत्या. बारा मिनिटे, अकरा मिनिटे, तेरा मिनिटे. सगळ्यांपुढे ‘यशस्वी’. त्या प्रत्येक यशामागचे दोन तास, आठ खांदे आणि वाटेत मेलेली माणसे कुठेच मोजलेली नव्हती. मोजणार कशी? त्या लोकांनी इतरांची सोय पाहून आपले दुखणे खडकापाशी येईपर्यंत दाबून धरले होते. आपल्या सभ्यपणानेच ते पुसले गेले होते.

“फाटा काढला तर तुम्हाला कुठवर जावं लागेल?”

“भैरीच्या तिकटीव, तीन रस्ते मिळत्यात तितं. अजून अकरा किलोमीटर. पाच तास लागतील वझ्यासंगं.” त्याने पटका काढून मांडीवर ठेवला. “म्याडम, पाच तास माणूस टिकत न्हाई. तुमच्या हातानं एक ठिपका ठेवा की. कुणाला कळतंय?”

इथे मुक्ताबाईंची खरी अडचण होती. पहिल्याच वर्षी बड्या बड्या लोकांनी आपापल्या फार्महाऊसांचे बिंदू हाताने परत घालून घेतले होते. जाळं मंदावले, माणसे मेली. तेव्हा मुक्ताबाईंनीच संतापून नियम लिहिला होता, की गाळलेला बिंदू कुणाही माणसाच्या हाताने परत येणार नाही. तो परत येईल तो फक्त हाकांनी. एका आर्थिक वर्षात एकाच जागेवरून तीन ‘अनुत्तरित हाका’ आल्या की जाळं आपण होऊन तो बिंदू परत घेईल, आणि रस्त्याची दुरुस्तीही आपोआप यादीत चढेल.

“अनुत्तरित म्हंजे?”

“म्हणजे हाक दिली, गाडी पोचू शकली नाही, आणि पेशंट दोन तास तिथंच राहिला.” त्या सावकाश बोलत होत्या, कारण वाक्य कुठे चालले आहे हे त्यांना दिसत होते. “पट्टी हलली की हाकही तिच्याबरोबर हलते. तुम्ही पेशंटला घेऊन निघालात, की ती फाट्याची हाक होते.”

“पट्टी काढून घरात ठेवली तर?”

“हाक रद्द होते. आणि साध्या तापाला ती हाक धरत नाही.”

धाकलूला शाळा चार इयत्तांची. पण मुक्ताबाईंचे अनेक हुशार विद्यार्थी जिथे अडखळले असते तिथे तो एका दमात पोचला.

“म्हंजे तीन डाव माणूस उचलायचा न्हाई,” तो म्हणाला. “बघत बसायचं.”

“मी तसं सांगत नाहीये, मामा. मी जाळ्याच्या समितीपुढे जाते. थोडं थांबा.”

समितीपुढे त्या खरेच गेल्या. अध्यक्ष प्रभंजन आजरेकर त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याने बाईंचे सगळे ऐकून घेतले, मग हिशेब पुढे ठेवला. खडपवाड्यासारखे, माणसे आहेत पण हाका नाहीत असे बिंदू बासष्ट हजार. नियम सैल केला तर ते सगळे परत येणार. अकरा सेकंदांचे बावीस होणार. वर्षाला साडेतीनशे माणसे जास्त मरणार.

“आणि एकच बिंदू परत घेतला तर?”

“तर बाकीच्या एकसष्ट हजार नऊशे नव्याण्णवांना काय सांगायचं?” प्रभंजन हळू आवाजात म्हणाला. “बाई, हे वाक्य तुमचंच आहे. तुम्ही आम्हाला वर्गात शिकवलंत.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मुक्ताबाई उठून आल्या. अडीच पानांत जो ‘हजारात एक’ त्यांनी इतक्या सहज लिहिला होता, तो हवेत कुठे तरी सारखा पसरलेला असतो, सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येतो, असे त्या आजवर समजत होत्या. तसे नव्हते. त्याला घरे होती, नावे होती, आणि तो सगळा एकाच जागी राहत होता. तीस वर्षे गणित शिकवलेल्या बाईला हे एका धनगराने येऊन दाखवावे लागले, याची त्यांना लाज वाटली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात खडपवाड्याहून पहिली हाक आली. त्या पुसलेल्या जागेवर मुक्ताबाईंनी आपल्या पडद्यावर खूण करून ठेवली होती. ठकूबाई येडगे, वय एक्क्याऐंशी. गाडी फाट्यावर गेली आणि थांबली. पट्टी हलली नाही. दोन तास झाले, हाकेपुढे ‘अनुत्तरित’ उमटले, आणि त्यानंतर चाळीस मिनिटांनी नाडीची रेघ सरळ झाली.

मुक्ताबाईंनी धाकलूला फोन लावला.

“म्हातारी आपणच म्हणली,” धाकलू म्हणाला. “माजं आता ऱ्हायलंय काय, मला हलवू नगासा, पोरासोरांचा रस्ता हुंदे. आमी समदी बसलो हुतो भवतीनं. पाणी पाजत हुतो. एकटी न्हाई सोडली तिला.”

दुसरी हाक जानेवारीत आली. मल्हारी बोडके, वय छत्तीस, कड्यावरून पडून मांडीचे हाड मोडले. तो दोन तास दातात फडके धरून पडून राहिला. वेळ पुरी होताच आठ जणांनी त्याला उचलून पळवत खाली नेला. त्याचा पाय वाचला. वाड्यावर त्या दिवशी चक्क बोकड कापला म्हणे. मुक्ताबाईंनाही कित्येक महिन्यांनी नीट झोप लागली. दोन झाल्या होत्या. मरण न येताही हे जमू शकत होते.

आता एकच हाक हवी होती, एकतीस मार्चच्या आत. आणि नेमके कुणी आजारी पडेना! फेब्रुवारी गेला. त्र्याऐंशीतली ठकूबाई गेलेली, उरलेली ब्याऐंशी माणसे ठणठणीत. देवाला दुखणे मागायची वेळ जगात फार थोड्या गावांवर आली असेल. धाकलू फोनवर म्हणायचा, “शिंक सुदीक न्हाई म्याडम कुणाला,” आणि हसायचा. मुक्ताबाईही हसायच्या, आणि फोन ठेवल्यावर एकतीस मार्चपर्यंतचे दिवस मोजायच्या.

सव्वीस मार्चला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी तिसरी हाक आली. नाव होते धाकलू झोरे, वय एकसष्ट. छातीत कळ.

मुक्ताबाई खुर्चीवरून उठल्या आणि पुन्हा बसल्या. गाडी नऊ मिनिटांत फाट्यावर पोचली. पडद्यावर नाडीचे आकडे बदलत होते, आणि ते चांगले नव्हते. चार वाजून दहा मिनिटांपर्यंत हा ठिपका हलता कामा नये, असे त्यांच्या मनात आले. ‘हा ठिपका’. त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी पडद्यावरची नजर काढून घेतली.

दोन पंचावन्नला फोन वाजला. धाकलूचा मोठा मुलगा बिराप्पा होता, तिशीतला, दोन मुलांचा बाप. मागे बायकांचे रडणे ऐकू येत होते.

“म्याडम, अजून किती वेळ?”

“सव्वा तास.”

“आबाचे व्हट निळे पडल्यात. घाम धरलाय. मला म्हणतोय, हात लावलास तर माझ्या मढ्याला खांदा देऊ नगंस.” तो हुंदका गिळून बोलत होता. “डोली बांधून ठेवलीया. माणसं हुबी हाईत. मला काय सुदरंना. तुमी सांगा. तुमी सांगशिला तसं करतो.”

तेरा वर्षे मुक्ताबाईंनी लाखो माणसांचे निर्णय घेतले होते, आणि त्यांतल्या एकालाही आवाज नव्हता. आता आवाज होता. त्यांनी ‘थांब’ म्हटले असते तर ब्याऐंशी माणसांना रस्ता मिळाला असता, पुढे किती तरी वर्षे, किती तरी दुखण्यांत. ही बेरीज करायला संगणक लागत नव्हता. बेरीज त्यांना स्वच्छ दिसत होती.

“उचला,” त्या म्हणाल्या. “आत्ता, लगेच. पळवत न्या.”

दोन सत्तावन्नला पट्टी हलली. हाक खडपवाड्यावरून निघाली आणि करंज फाट्याच्या नावावर जाऊन पडली. चार वाजून अडतीस मिनिटांनी धाकलू गाडीत होता. नोंद झाली: करंज फाटा, गाडी नऊ मिनिटांत हजर, यशस्वी. ती नोंद वाचताना मुक्ताबाईंना प्रथम जे वाटले ते समाधान नव्हते. अवघे त्र्याहत्तर मिनिटांनी हुकले, असे त्यांना वाटले. त्यानंतर त्या टेबलावर डोके टेकून खूप वेळ रडल्या.

एक एप्रिलला गाळणी झाली. करंज फाटा गेला. राज्याची सरासरी चौदा मिनिटांवरून तेरा मिनिटे छप्पन्न सेकंदांवर आली, आणि समितीने मुक्ताबाईंना अभिनंदनाचे पत्र पाठवले.

एप्रिलच्या अखेरीस धाकलूचा फोन आला. आवाज खोल गेला होता, पण तोच होता.

“तुमीच सांगितलंसा न्हवं, उचला म्हणून?”

“हो, मामा.”

“ठकूबाईचं मरान फुकट घालीवलंसा.” त्यात राग होता. “पर मी तरी तुमच्या जागंला काय केलं असतं, कुणाला ठावं. बिराप्पा काल नातीला घिऊन माझ्या उशाला बसला हुता. जगलो ते बरं वाटतं, आन् बरं वाटतं म्हणून लाज वाटती. असूंदे. मी दुसऱ्याच कामाला फोन केलाय.”

“बोला.”

“नव्या सालात परत तीन डाव बघत बसायची कुणाची छाती न्हाई. आता तिकटीपत्तुर पाच तास. आठ माणसांत भागत न्हाई, सोळा लागत्यात. वाड्याव उचलणारी सतराच हाईत. सोळा जण एकाला घिऊन गेले की दोन दिस मेंढरं उपाशी. म्हंजे समद्यास्नी न्यायचं झेपायचं न्हाई. काल बैठक झाली. कुणाला उचलायचं आन् कुणाला न्हाई, ते आधीच ठरवून ठेवायचं असं ठरलं.”

मुक्ताबाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“मी म्हणलं, माझं नाव पैलं काढा. तर बिराप्पा उठून भाईर गेला. मग दुसऱ्या कुणाचं नाव कोण घेणार? समदी एकमेकांच्या तोंडाकडं बघाय लागली. पारुबाईचं पोर जन्मापास्नं अधू हाय, तिनं त्याला पदराखाली घेतला. कुणी कायसुदीक बोललं न्हवतं वो, तरी घेतला. तशीच उठली बैठक. आमाला जमत न्हाई ह्ये, म्याडम. आमाला तोंडं दिसत्यात.”

“मामा…”

“तुमी तोंडं न बघता नेम करता. त्येच शिकल्यालं हाईसा तुमी. तवा तुमीच आमाला एक नेम करून द्या. वय धरा, दुखणं धरा, काय बी धरा, पर समद्यास्नी सारखा. घरटी नावं, वयं, दुखणी बिराप्पाकडनं लिवून पाठवतो. आमी ऐकू. तुमच्याव कुणाचा राग न्हाई.”

पलीकडे धाकलू त्यांच्या होकाराची वाट पाहत होता. थोड्या वेळाने, त्यांना कामाची गर्दी असेल असे वाटून, तोच समजुतीने म्हणाला, “घाई न्हाई, सवडीनं करा. पर मिरगाच्या आत द्या. पाऊस लागला की दुखणी वाढत्यात.”